थरांची ऑक्साइडे आणि आमची प्रयोगशाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पाषाणला आमची छोटी प्रयोगशाळा आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, शाळेतली मुलं, त्यांचे आईबाबा, निवृत्त इंजिनिअर आणि चुकून वाट चुकलेले लोक आमच्याकडे येतात. वर्षभर लग्नकार्यात नातेवाईक भेटतात ते वेगळेच. प्रश्न साधारण तेच असतात. प्रत्येक वेळी घाईत अर्धवट उत्तर देऊन नंतर हळहळण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकलं.

तुम्ही नेमकं काय करता?

काही विशिष्ट ऑक्साइडे बनवतो, ती थंड करतो आणि त्यांतून वीज कशी वाहते ते मोजतो. बाकी सगळा तपशील आहे. तपशिलातच पगार आहे, म्हणून पुढे वाचा.

'थरांची' म्हणजे काय? सगळेच स्फटिक थरांचे नसतात का?

नसतात. मिठाचा खडा घ्या, तिन्ही दिशांना सारखाच. आमची ऑक्साइडे चिरोट्यासारखी. एक पापुद्रा तांबं आणि ऑक्सिजनचा (किंवा कोबाल्टचा, निकेलचा, रुथेनियमचा), मग मध्ये दुसऱ्याच अणूंचा थर, पुन्हा पहिला पापुद्रा. लँथॅनम आणि तांब्याच्या ऑक्साइडात अशा दोन पापुद्र्यांमधलं अंतर साधारण ६.६ अँगस्ट्रॉम असतं, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे पंधरा लाखावा भाग.

चिरोटा उगाच आठवला नाही. चिरोट्यात पोळ्यांच्या मध्ये साटा लावतात. खाणाऱ्याला दिसतो तो पापुद्रा, पण तो सुटणार की चिकटून बसणार हे साट्यावर ठरतं. इथेही तसंच आहे. वीज प्रामुख्याने तांबं-ऑक्सिजनच्या पापुद्र्यातून वाहते, आणि ती किती वाहणार, वाहणार की नाही, हे मधला थर ठरवतो. गेली कित्येक वर्षं मी मुख्यतः या साट्याचाच अभ्यास करतो आहे असं म्हटलं तरी चालेल.

थरांमुळे आणखी एक गंमत होते. बिस्मथ असलेल्या एका प्रसिद्ध ऑक्साइडात पापुद्र्याच्या दिशेने वीज जितक्या सहज वाहते, त्याच्या आडव्या दिशेने, म्हणजे एका पापुद्र्यातून दुसऱ्यात, जाताना रोध सुमारे लाखपट असतो. एकाच खड्यात एका बाजूने धातू आणि दुसऱ्या बाजूने जवळपास भिंत.

ऑक्साइड म्हणजे गंजच ना? गंजातून वीज कशी वाहील?

हा प्रश्न सातवीतल्या एका मुलीने विचारला होता, आणि तिथे उभ्या असलेल्या एमएस्सीच्या मुलांपैकी कोणालाही तो सुचला नव्हता.

बहुतेक ऑक्साइडांतून वीज वाहत नाही हे खरंच आहे. पण का वाहत नाही, याची दोन फार वेगळी कारणं आहेत. अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडात इलेक्ट्रॉनांना जायला मोकळी जागाच नसते, ऊर्जेच्या सगळ्या पातळ्या भरलेल्या असतात आणि पुढची रिकामी पातळी फार उंचावर. हे पुस्तकातलं साधं कारण. निकेलच्या ऑक्साइडात मात्र पुस्तकाप्रमाणे जागा आहे. हिशेब केला तर ते धातूसारखं वागायला हवं. वागत नाही. १९३७ मध्ये डे बूर आणि व्हेरवे यांनी हा घोळ दाखवून दिला आणि नेव्हिल मॉट यांनी पुढे त्यावर विचार केला, म्हणून अशा पदार्थांना आज मॉट निरोधक म्हणतात.

कारण असं आहे. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. एका अणूवर एक इलेक्ट्रॉन आधीच असताना दुसरा तिथे जाऊन बसायचा तर काही इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी ऊर्जा मोजावी लागते, आणि अणूंच्या हिशेबात ही रक्कम मोठी आहे. मग प्रत्येक जण आपापल्या जागी बसून राहतो.

शनिवारी संध्याकाळी लक्ष्मी रोडजवळच्या कुठल्याही दुचाकी पार्किंगमध्ये जाऊन बघा. प्रत्येक खाचेत एक गाडी, एकही खाच मोकळी नाही. गाड्यांना चाकं आहेत, पेट्रोल आहे, मालकाची इच्छाही आहे. तरी कोणी हलत नाही. एक गाडी निघाली की शेजारची सरकते, तिच्या जागी तिसरी. बघणाऱ्याला वाटतं की मोकळी जागाच पार्किंगभर फिरते आहे. आमच्या भाषेत तिला 'होल' म्हणतात.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. दुचाक्यांना फिरकीची (स्पिनची) दिशा नसते, इलेक्ट्रॉनांना असते, आणि तिच्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन एक सूक्ष्म चुंबक असतो. लँथॅनम-तांबं-ऑक्साइडात शेजारशेजारच्या इलेक्ट्रॉनांचे सूक्ष्म चुंबक एक वर, एक खाली असे लागलेले असतात. होल सरकला की ही शिस्त मोडत जाते. उदाहरण इथे संपतं आणि खरं भौतिकशास्त्र इथून सुरू होतं.

मग ही मोकळी जागा तुम्ही कशी करता?

पापुद्र्याला हात न लावता. मधल्या थरात लँथॅनमचे काही अणू काढून तिथे स्ट्रॉन्शियम घालतो. लँथॅनम तीन इलेक्ट्रॉन सोडतो, स्ट्रॉन्शियम दोनच. उरलेला एक पापुद्र्यातून ओढला जातो आणि तिथे होल पडतो. असं तांब्याच्या दर शंभर अणूंमागे पाच-सहा होल झाले की हा निरोधक खूप थंड केल्यावर अतिसंवाहक होतो, म्हणजे त्याचा विजेला होणारा रोध नाहीसा होतो. पंधरा-सोळा झाले की सर्वात चांगला, ३८ केल्विनच्या (म्हणजे उणे २३५ अंश सेल्सिअसच्या) आसपास. सत्तावीसच्या पुढे गेलं की अतिसंवाहकता गायब आणि मागे उरतो एक साधा धातू. मिठासारखंच, कमी पडलं तर अळणी, जास्त झालं तर फेकून द्या.

अतिसंवाहकता म्हणजे रोध 'जवळजवळ' शून्य ना?

जवळजवळ नाही, शून्य. १९११ मध्ये कामरलिंग ऑनेस यांनी पारा ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला आणि त्याचा रोध एकदम नाहीसा झाला. त्यानंतरच्या बासष्ट वर्षांत हे तापमान जेमतेम २३ केल्विनपर्यंत चढलं, तेही धातूंच्या मिश्रणांत.

१९८६ मध्ये झुरिकला बेडनॉर्झ आणि म्युलर या दोघांनी लँथॅनम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडात ३० केल्विनच्या वर अतिसंवाहकता पाहिली. ऑक्साइडात! भल्याभल्यांना ते पटायला वेळ लागला. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. त्याच १९८७ मध्ये इट्रियम वापरून ९३ केल्विन गाठलं गेलं आणि खेळ बदलला, कारण द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. द्रव हीलियम महाग, जपून वापरायचा आणि परदेशातून येणारा. नायट्रोजन हवेतूनच काढतात, कॅनमध्ये भरून रिक्षातून आणता येतो. (आणू नका. पण येतो.)

१९९३ मध्ये पारा असलेल्या थरांच्या ऑक्साइडात हे तापमान सुमारे १३३ केल्विनवर गेलं. साध्या वातावरणीय दाबाला आजही हेच कुळ सर्वात वर आहे.

एक छोटी गोष्ट सांगतो, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. बेडनॉर्झ-म्युलर यांचा पहिला नमुना शुद्ध नव्हता. त्यात दोन-तीन संयुगांची मिसळ होती आणि त्यातलं कोणतं संयुग अतिसंवाहक हे त्यांच्या लेखानंतर वेगळं शोधावं लागलं. निघालं ते थरांचं. त्याच कुळातल्या ऑक्साइडांवर बेंगळुरूत सी. एन. आर. राव यांचा गट १९८६ च्या आधीपासून काम करत होता.

हे का होतं हे कळलं आहे का?

साध्या धातूंत, हो. १९५७ च्या बार्डीन-कूपर-श्रीफर सिद्धांतानुसार स्फटिकाच्या कंपनांमुळे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात. आमच्या ऑक्साइडांतही जोड्याच जमतात, हे प्रयोगांतून पक्कं आहे. पण त्या जमवतं कोण, यावर एकमत नाही. चेन्नईचे जी. बास्करन यांनी १९८७ मध्ये फिलिप अँडरसन यांच्याबरोबर मांडलेली कल्पना अशी होती की निरोधकातच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या आधीपासून तयार असतात, होल पडल्यावर त्या फक्त हलायला लागतात. मला व्यक्तिशः ही कल्पना अजूनही सुंदर वाटते. पुरावा मात्र सौंदर्यावर मिळत नाही.

आणि खरं सांगायचं तर अतिसंवाहकतेपेक्षा तिच्या वरच्या तापमानाला जे चालतं ते मला जास्त छळतं. साध्या धातूत रोध थंडीत एका विशिष्ट पद्धतीने कमी होत जातो आणि खाली सपाट होतो. या ऑक्साइडांत होलांचं प्रमाण नेमकं असेल तर तापमान आणि रोध यांचा आलेख पट्टी लावून काढल्यासारखा सरळ येतो, शेकडो अंश. एवढा साधा आलेख आणि चाळीस वर्षांत सर्वमान्य स्पष्टीकरण नाही. लोक त्याला 'विचित्र धातू' म्हणतात. नाव ठेवलं की समजल्यासारखं वाटतं.

नमुना बनवता कसा? मोठी यंत्रं लागत असतील ना?

खल लागतो. अगेटचा, आजीच्या खलबत्त्यापेक्षा गुळगुळीत आणि बराच महाग. चूर्णं मोजून घ्यायची, तासन् तास खलायची, मुशीत घालून भट्टीत ९०० अंशांच्या पुढे भाजायची, काढून पुन्हा खलायची, दाबून गोळी पाडायची, पुन्हा भाजायची. रसशाळेतल्या वैद्यांना हे ओळखीचं वाटेल. आमच्याकडे नव्याने आलेला विद्यार्थी पहिले सहा महिने बहुतेक हेच करतो आणि घरी सांगतो की क्वांटम पदार्थांवर संशोधन चालू आहे. दोन्ही खरं आहे.

कठीण काय आहे, तर कागदावर लिहिलेलं सूत्र आणि मुशीतला पदार्थ एकच आहेत याची खात्री करणं.

पुण्याचा पावसाळा घ्या. लँथॅनम ऑक्साइड हवेतली वाफ शोषून हायड्रॉक्साइड बनतं. पूर्ण बनलं तर वजन सोळा-सतरा टक्क्यांनी वाढतं. जुलैत बाटली उघडून सरळ तराजूवर ठेवली तर तुम्ही लँथॅनमच्या भावाने पाणी तोलत असता. म्हणून ते आदल्या रात्री भट्टीत तापवायचं आणि गरम असतानाच तोलायचं. हे पुस्तकात एका ओळीत असतं. आमच्या एका विद्यार्थ्याला ती ओळ समजायला एक अख्खा पावसाळा लागला. त्याला, म्हणजे मला, तीस वर्षांपूर्वी.

वीज हा दुसरा पाहुणा. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, कधी जाहीर करून, कधी तशीच. म्हणून बुधवारी लांबची भट्टी लावायची नाही, असा अलिखित नियम आहे. एकदा तो मोडला आणि तीन दिवसांचं भाजण मध्यरात्री थंड पडलं. गोळी दिसायला उत्तम होती. मोजल्यावर अतिसंवाहक नव्हती.

तसं का झालं, तर ऑक्सिजन. इट्रियमच्या त्या प्रसिद्ध ऑक्साइडात, ज्याला सगळे 'वन-टू-थ्री' म्हणतात, सूत्रात ऑक्सिजनचे जवळपास सात अणू असतील तर तो ९२ केल्विनला अतिसंवाहक होतो. साडेसहा असले तर साठच्या आसपास. आणखी थोडे कमी झाले की अतिसंवाहकता संपते, उरतो निरोधक. काळी गोळी तीच, वजनही जवळपास तेच. उच्च तापमानाला हा ऑक्सिजन बाहेर पडतो. तो परत घ्यावा म्हणून गोळी ४५० अंशांच्या आसपास ऑक्सिजनच्या झोतात तासन् तास ठेवायची असते. वीज गेली आणि ही पायरी चुकली. आणि हा ये-जा करणारा ऑक्सिजन मुख्य पापुद्र्यात बसतही नाही. तो बसतो मधल्या थरात. साट्यात.

तो किती आहे हे कसं मोजता, तर बारावीच्या प्रात्यक्षिकातल्या अनुमापनाने. गोळी आम्लात विरघळवायची, पोटॅशियम आयोडाइड घालायचं, सुटलेलं आयोडीन थायोसल्फेटने मोजायचं, स्टार्चचा निळा रंग गेला की ब्युरेट बंद. कोट्यवधींच्या यंत्रात नमुना घालण्यापूर्वी आम्ही हे करतो. कोणी या पदार्थांवरचा लेख माझ्याकडे परीक्षणाला पाठवला तर मी आलेख बघायच्या आधी ऑक्सिजन कसा मोजला ते शोधतो. सापडलं नाही तर माझा चहा गार होतो.

मोजायला चार तारा कशाला? मल्टिमीटरला दोनच असतात.

गोळीचा रोध एका ओहमच्या हजाराव्या भागाइतका असू शकतो, आणि तार जिथे चिकटवली तिथल्या सांध्याचा रोध एक-दोन ओहम. दोन तारांनी मोजलं तर सांधाच मोजला जातो. म्हणून बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोनांवर विभवांतर बघायचं. आतल्या तारांतून प्रवाह जवळपास जात नाही, त्यामुळे त्यांच्या सांध्यांचा त्रास नाही. मग प्रवाह उलटा करून पुन्हा मोजायचं, कारण तारेचं एक टोक गरम आणि एक थंड असलं की आपोआप काही मायक्रोव्होल्ट तयार होतात. तारा चांदीच्या रंगाने चिकटवतात. हात थरथरत असेल तर सकाळचा चहा टाळा, एवढाच सल्ला.

सगळं पुण्यातच होतं का?

नाही. बनवणं, क्ष-किरणांनी रचना तपासणं, रोध मोजणं इथे. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा थेट बघायच्या तर इंदूरला राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) वेळ मागावा लागतो. चुंबकांची वर-खाली रांग बघायला न्यूट्रॉन लागतात, त्यासाठी मुंबईत ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी. इंदूरला रात्रीच्या पाळीत प्रयोग आणि पहाटे पोहे, हा या क्षेत्रातल्या बऱ्याच विद्यार्थ्यांचा समान अनुभव.

परम ब्रह्मसारखा महासंगणक पुण्यात असताना हात काळे कशाला करायचे? गणितच करा.

करतो. पण नेहमीची गणितपद्धत लँथॅनम-तांबं-ऑक्साइड धातू आहे असं ठामपणे सांगते. ते निरोधक आहे. इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना ढकलणं तिच्यात पुरेसं येत नाही. चांगल्या पद्धती आहेत, पण त्या महाग आणि लहान नमुन्यापुरत्या. संगणकवाल्यांशी आमचं नातं सासर-माहेरासारखं आहे, जाणं-येणं भरपूर आणि कुरबुरीही.

याचा उपयोग काय?

आजोबांच्या वयाचे गृहस्थ विचारतात तेव्हा मी त्यांचा मोबाइल मागतो. आतल्या बॅटरीत बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइड असतं. कोबाल्ट-ऑक्सिजनचे पापुद्रे, मधल्या थरात लिथियम. चार्जिंगला लावलं की लिथियम मधून निघून जातो, वापरताना परत येतो. जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९८० मध्ये हे दाखवलं, १९९१ मध्ये सोनीने बॅटरी बाजारात आणली, २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल. लिथियम काढत गेलं की हा पदार्थ निरोधकाचा धातू होतो. म्हणजे तुमच्या खिशात रोज रात्री तोच प्रयोग होतो जो आम्ही स्ट्रॉन्शियम घालून करतो. लिथियमच्या जागी सोडियम असलेला त्याचा भाऊ धातू असूनही उष्णतेच्या फरकातून चांगलं विभवांतर देतो, हे १९९७ मध्ये जपानमध्ये तेरासाकी यांनी दाखवलं. दमट हवेत तो मात्र टिकत नाही.

इट्रियमच्या ऑक्साइडाच्या पट्ट्या आता बनतात आणि त्यांतून जबरदस्त चुंबक गुंडाळता येतात. एक गैरसमज मात्र दूर करतो. दवाखान्यातल्या एमआरआय यंत्रात सहसा आमचं ऑक्साइड नसतं. तिथे नायोबियम-टायटॅनियमची तार आणि द्रव हीलियम असतो. आमचं ऑक्साइड म्हणजे ठिसूळ सिरॅमिक, त्याची तार वळवणं म्हणजे कौलाची दोरी वळण्यासारखं आहे.

२०२३ मध्ये खोलीच्या तापमानाचा अतिसंवाहक सापडला होता ना? व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला होता.

मलाही आला होता. सात जणांकडून. एलके-९९, दक्षिण कोरियातून, शिसं-तांबं-फॉस्फरसचं ऑक्साइड. दावा होता १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिसंवाहकतेचा. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह जगभर अनेकांनी ते बनवून पाहिलं, अतिसंवाहकता सापडली नाही. रोध एकदम घसरत होता तो नमुन्यात मिसळ असलेल्या तांब्याच्या सल्फाइडमुळे. त्या सल्फाइडची रचना १०४ अंशांच्या आसपास बदलते, आणि घसरणही तिथेच होती.

मी त्यांना हसत नाही. १९८६ चा नमुनाही मिसळच होता. फरक इतकाच की त्या मिसळीत सापडलेलं वेगळं काढल्यावरही टिकलं.

सध्या काय चालू आहे?

निकेल. २०१९ मध्ये स्टॅनफर्डला निकेलच्या थरांच्या ऑक्साइडाच्या पातळ फिल्ममध्ये ९ ते १५ केल्विनला अतिसंवाहकता दिसली. ती बनवण्याची पद्धत मला फार आवडते. आधी नेहमीचं ऑक्साइड बनवायचं आणि मग कॅल्शियम हायड्राइडबरोबर बंद नळीत हलक्या आचेवर तापवून त्यातल्या ठरावीक थरातला ऑक्सिजन ओढून काढायचा, बाकीच्याला धक्का न लावता. २०२३ मध्ये चीनमधून दुसऱ्या एका निकेल ऑक्साइडात, वातावरणाच्या सुमारे एक लाख चाळीस हजार पट दाबाखाली, ८० केल्विनच्या आसपासचा निकाल आला. त्यातही वेगवेगळ्या गटांचे नमुने वेगवेगळे वागतात, आणि संशयित जुनाच आहे, ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा.

मुलीला हे करायचं आहे. काय शिकवू?

बारावीनंतर आयसर किंवा चांगल्या महाविद्यालयात बीएस्सी, मग जॅम, जेस्ट, नेट या परीक्षांपैकी एखादी. क्लास कोणता लावू, हे मला विचारू नका. तिला घरातला बंद पडलेला मिक्सर उघडू द्या आणि वही लिहायची सवय लावा. तारीख, वेळ, किती ग्रॅम. एवढं करणारे विद्यार्थी कमी येतात. आणि 'पीएचडीला किती वर्षं लागतात' याचं उत्तर भट्टीला माहीत.

नमुना हातात घेऊन बघता येईल का?

२८ फेब्रुवारीला या. वन-टू-थ्रीची गोळी नायट्रोजनमध्ये बुडवून तिच्यावर चुंबक तरंगवून दाखवतो. नायट्रोजनमध्ये बोट घालायचं नाही, तुमचं शेजारचं मूल घालत असलं तरी. गोळी जुनी आहे आणि दमट हवेत हळूहळू कुजते, म्हणून ती सिलिका जेलच्या पुड्यांसकट बिस्किटाच्या डब्यात ठेवलेली असते. गेल्या वर्षी चुंबक पूर्वीपेक्षा खाली तरंगत होता. यंदा नवी गोळी भाजायची आहे, फक्त बुधवारी नाही.